डिझेल गाडीचे इंजेक्टर: एस्टिमेटपासून पीयूसीपर्यंत

डिझेल गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली की कधी ना कधी कुणीतरी पाऊण लाखाचा कागद पुढे सरकवतं आणि सांगतं, ‘इंजेक्टर गेलेत.’ इंजेक्टर म्हणजे इंजिनच्या सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारा भाग. माझ्यापुढे तो कागद गेल्या नोव्हेंबरात आला. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गाडी दुरुस्त झाली, पीयूसीही निघाली. मधल्या काळात कुणाकडे जायचं, काय विचारायचं, पैसे कशाचे द्यायचे आणि कशाचे नाहीत, हे सलग सांगणारं कुणी भेटलं नाही. जो तो आपापल्या तुकड्यापुरतं बोलत होता. ते तुकडे इथे क्रमाने मांडतेय. मी बँकेत नोकरी करते, पाना हातात धरलेला नाही.

गाडी मे २०१४ ची, एमएच-१४ पासिंग, आरसीवर बीएस-४, म्हणजे प्रदूषणाचा तेव्हाचा निकष. रीडिंग १ लाख ४१ हजारांच्या आसपास. इंजिन १.३ लिटरचं मल्टिजेट. मूळ फियाटचं हे इंजिन एके काळी इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की गाडीवेडी मंडळी त्याला गमतीने ‘नॅशनल इंजिन’ म्हणायची. आपल्या रांजणगावलाही ते बनायचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं आणि नव्या गाड्यांमधून ते गेलं. रस्त्यावर मात्र अजून भरपूर आहेत, त्यामुळे माहितगार माणूस मिळणं अवघड नाही.

ऑक्टोबरपासून सकाळचा सेल्फ लांबायला लागला होता. आधी एका झटक्यात सुरू होणारी गाडी आता सहा-सात सेकंद कण्हायची. सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटं टकटक आवाज, थोडी थरथर, मग सगळं ठीक. बॅटरी पाच महिन्यांपूर्वी बदलली होती, म्हणून ती नव्हे एवढं माहीत होतं. अ‍ॅव्हरेज १९-२० वरून १५ वर आलं. भाऊबीजेला कऱ्हाडला निघालो तेव्हा खंबाटकी घाट चढताना पिकअप एकदम गेला. पायाखाली पेडल दाबलेलं, पण गाडी दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना, मागे काळा धूर, आणि समोर चेक इंजिनचा पिवळा दिवा. कडेला घेतली, बंद केली, पाच मिनिटांनी सुरू केली तर निमूट चालली. दिवा तसाच. आई मागच्या सीटवर बसून ‘गणपती बाप्पा’ करत होती. पुढचं सगळं अंतर मी ट्रकच्या मागे मागे काढलं.

पुण्याला परतल्यावर २७ ऑक्टोबरला चिंचवडच्या आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गेले. त्यांनी स्कॅनर लावला. कोड आला पी-००८७, म्हणजे कॉमन रेलमध्ये, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, हवं तेवढं प्रेशर तयार होत नाहीये. स्कॅनिंगचे ३०० रुपये घेतले. कोड आला म्हणजे रोग कळला असं मला वाटत होतं. गॅरेजवाले म्हणाले, “ताई, हा ताप आहे. कशामुळे आलाय ते बघायला लागेल.” डिझेल फिल्टर चोंदलेला असू शकतो, टाकीतला छोटा पंप कमजोर असू शकतो, मोठा हाय-प्रेशर पंप असू शकतो, दाबाचा रेग्युलेटर असू शकतो, किंवा इंजेक्टर नको तेवढं डिझेल परत पाठवत असतील. त्यांनी स्वस्तापासून सुरुवात केली, आणि तेच बरोबर. फिल्टर बदलला, ११५० रुपये. जुन्या फिल्टरमधलं डिझेल त्यांनी काचेच्या बरणीत ओतून ठेवलं. थोड्या वेळाने तळाशी बोटभर गढूळ पाणी वेगळं दिसायला लागलं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं. टाकीतली आर्द्रता, पावसाळा, पंपावरचं डिझेल, कुठूनही येऊ शकतं. फिल्टर ते अडवतो, पण एका मर्यादेपर्यंतच.

फिल्टरने फरक पडला नाही. सेल्फ तसाच लांब. इथून पुढे त्यांच्याकडे साधनं नव्हती आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. मला हे आवडतं. आपल्याकडे नाही म्हणणारा मेकॅनिक मिळणं भाग्याचंच.

८ नोव्हेंबरला, दुसऱ्या शनिवारी, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. नाव घेत नाही. इथे एक कामाची गोष्ट: जॉबकार्डावर सही करायच्या आधी मागची बारीक अक्षरं वाचा. माझ्या जॉबकार्डावर ‘अंदाजापेक्षा दहा टक्क्यांपर्यंत जास्त खर्चाला संमती’ असं एक कलम होतं. मी वर पेनाने ‘फक्त तपासणी, कोणतेही काम विचारल्याशिवाय नाही’ असं लिहून सही केली. काउंटरवरच्या मुलीने जरा चमकून बघितलं, पण घेतलं. तीन तास थांबवून अ‍ॅडव्हायझरने कागद दिला. चार इंजेक्टर प्रत्येकी १५,४००, मजुरी ४,२००, कोडिंग (नव्या इंजेक्टरची गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद) ७००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ७८,४७० रुपये. ‘चारातला नेमका कोणता खराब आहे?’ असं विचारलं, तर उत्तर आलं, “मॅडम, चारही बदलले की टेन्शनच नाही.” मी पुन्हा विचारलं, रिटर्न टेस्ट केली का? प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत पाठवतो ते मोजणारी ही टेस्ट. तो शब्द मी आदल्याच आठवड्यात गॅरेजवाल्यांकडून ऐकला होता. केली नव्हती. स्कॅनरवर पुन्हा तोच कोड बघून चार इंजेक्टरचं एस्टिमेट काढलं होतं. तपासणीचे १,०६२ रुपये भरले, एस्टिमेटची छापील प्रत आणि कोडचा प्रिंटआउट मागून घेतला. दोन्ही पुढे उपयोगी पडले.

जीएसटीचंही सांगते. इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या किमतींमध्ये सुट्या भागांवर २८ टक्के धरलेले असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर १८ टक्के आहे. कुणी अजून २८ लावत असेल तर विचारा.

त्या रात्री घरी बसून मी इंजेक्टर म्हणजे काय ते वाचलं. सोप्यात सांगायचं तर, हाय-प्रेशर पंप डिझेल दाबून एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवतो. दाब १६०० बारपर्यंत जातो. आपल्या टायरमध्ये सव्वादोन बार असतो, यावरून कल्पना यावी. रेलमधून चार पाइप चार इंजेक्टरना जातात. इंजेक्टरच्या डोक्यावर एक विजेवर चालणारी झडप असते. कॉम्प्युटर तिला सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात उघडतो-मिटतो, आणि खालच्या नोझलच्या बारीक भोकांतून डिझेलचा फवारा सिलिंडरमध्ये जातो. एका फेरीत एकच फवारा नसतो. आधी थोडासा, मग मुख्य, म्हणूनच ही इंजिनं जुन्या डिझेलसारखी धडधडत नाहीत. आतले भाग एकमेकांत इतके घट्ट बसतात की फट दोन-चार मायक्रॉनची. झडप उघडताना थोडं डिझेल रिटर्नच्या नळीने टाकीकडे परत जातं, तेवढं जायलाच हवं. झडपेची बैठक झिजली किंवा गंजली की ते जास्त जायला लागतं. सेल्फ मारताना पंप हळू फिरत असतो. त्याने भरलेलं सगळं डिझेल रिटर्नमधून निसटलं तर रेलमध्ये दाब चढत नाही. दाब ठरावीक आकड्यावर चढेपर्यंत कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून सेल्फ लांबतो. घाटात पूर्ण जोर मागितला की तीच तूट पुन्हा उघडी पडते. माझ्या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणी जाऊन मिळत होत्या, हे कळल्यावर जरा हलकं वाटलं.

अशा कामाला ‘पंप-नोझल’वाले किंवा डिझेल लॅब लागते. ट्रक-ट्रॅक्टरच्या पंपांपासून कॉमन रेलपर्यंत सगळं तेच करतात. भोसरी एमआयडीसीत अशी दुकानं आहेत. मी तीन ठिकाणी फोन केले आणि तिघांना एकच विचारलं: रिटर्न टेस्ट गाडीवर करून दाखवाल का, आणि बेंचचा, म्हणजे इंजेक्टर काढून यंत्रावर तपासल्याचा, छापील रिपोर्ट द्याल का? एकाने सांगितलं, इंजेक्टर काढून आणा. दुसऱ्याने सांगितलं, रिपोर्ट कशाला, आमच्यावर विश्वास नाही का. तिसऱ्याने दोन्हीला हो म्हटलं आणि वर बजावलं, “गुरुवारी येऊ नका, इकडे सुट्टी असते. रविवारी चालू आहे.” नोकरी करणाऱ्यांना हे फार सोयीचं.

२२ नोव्हेंबर, चौथा शनिवार. गाडी रात्रभर थंड ठेवून सकाळी साडेनऊला पोचले. थंड गाडीच आणा, असं त्यांनीच सांगितलं होतं. लॅबचे मालक साठीचे, अंगात निळा अ‍ॅप्रन, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्या पोऱ्याने चारही इंजेक्टरवरच्या रिटर्नच्या नळ्या काढल्या, त्या जागी पारदर्शक नळ्या लावल्या आणि आकडे छापलेल्या चार बाटल्या बॉनेटच्या हुकाला टांगल्या. दवाखान्यात सलाईन लावल्यासारखं दिसत होतं. गाडी सुरू केली आणि आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीत थेंब थेंब. पहिलीत जरा भरभर. तिसरीत मात्र धारच लागली. पातळी डोळ्यांदेखत चढत होती. काकांनी मोबाइलवर वेळ लावली होती. बंद केल्यावर आकडे: ३८, २२, ९५, २४ मिली. त्यांनी मलाच फोटो काढायला सांगितला. सर्व्हिस सेंटरला तीन तासांत जे सांगता आलं नव्हतं, ते इथे चहा यायच्या आत दिसलं.

इथे एक धोक्याचं सांगायला हवं. जुन्या डिझेल गाड्यांत कोणता सिलिंडर काम करत नाही हे बघायला मेकॅनिक चालू इंजिनात एकेका पाइपचा नट ढिला करायचे. काही जुने हात अजूनही ते करतात. कॉमन रेलला हे कधीच करू देऊ नका. या दाबाने निघालेली डिझेलची बारीक चिळकांडी कातडी फोडून आत शिरते. वरून टोचल्यासारखं दिसतं, पण आतलं मांस सडू शकतं. तसं काही झालं तर मलमपट्टी करत बसायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलला जायचं आणि ‘डिझेल आत गेलंय’ असं सांगायचं. काकांच्या भिंतीवर ही सूचना लाल अक्षरांत लिहिलेली होती.

मग इंजेक्टर काढणं. हा भाग माझ्यासाठी सगळ्यात घाबरवणारा होता. इंजेक्टर सिलिंडर हेडमध्ये खोल बसलेले असतात, खाली तांब्याचा वॉशर आणि वरून क्लॅम्प. वर्षानुवर्षं कार्बन साचून ते जागेवर चिकटतात. एक, दोन, चार निघाले. तीन नंबर हलेना. काकांनी आधीच सांगितलं होतं, “ताई, तुटला तर हेड खोलावं लागेल. तो खर्च वेगळा, आणि माझ्याकडे होणार नाही.” मी विचारलं किती येईल, तर म्हणाले पंचवीस-तीस हजार धरा. मी हे एस्टिमेटच्या कागदावर लिहून घेतलं. लिहिल्याने इंजेक्टर निघणार नव्हता, पण नंतर आकड्यावरून वाद नको. गंज सोडवणारं तेल ओतून तो रात्रभर तसाच ठेवायचं ठरलं. गाडी तिथेच सोडून बसने घरी आले. रात्री झोप अशी लागली नाही. नवरा म्हणाला, गाडी विकून टाकू. मी म्हटलं, बॉनेट उघडं पडलेली गाडी कोण घेणार?

रविवारी अकराला काकांचा फोन: “निघाला.” स्लाइड हॅमरचा पुलर लावून, मधेमधे तेल सोडत, सकाळी तासभर ठोकला होता. वॉशर मात्र खालीच अडकला होता, तो वेगळ्या हूकने काढला. मी पोचले तेव्हा पोऱ्या इंजेक्टर बसायच्या गोल बैठका हाताने फिरवायच्या कटरने साफ करत होता. कार्बनचा चुरा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून भोकात ग्रीस लावलेला बोळा घातला होता. पाइपांच्या उघड्या तोंडांना प्लास्टिकच्या टोप्या होत्या. हे मुद्दाम बघा. जिथे टोप्या नाहीत, नळ्यांची तोंडं उघडी ठेवून शेजारी ग्राइंडर चालतो, तिथून गाडी परत आणा. धुळीचा एक कण नव्या इंजेक्टरचा निकाल लावतो.

बेंच म्हणजे काचेचं दार असलेलं फ्रिजएवढं यंत्र. त्यात डिझेल वापरत नाहीत, टेस्टिंगचं वेगळं तेल असतं, ठरावीक तापमानाला. एकेक इंजेक्टर अडकवून पूर्ण लोड, मध्यम लोड, आयडल (पेडल न दाबता) आणि सुरुवातीचा छोटा फवारा अशा टप्प्यांवर तो किती तेल सोडतो आणि किती परत पाठवतो हे मोजतात. शेजारी कंपनीने ठरवलेली मर्यादा दिसते. त्यात बसला तर हिरवं, नाहीतर लाल. दोन आणि चार नंबर साफसफाईनंतर सगळीकडे हिरवे. एक नंबर आयडलला जास्त सोडत होता, रिटर्नही वर. तीन नंबर पहिल्या ओळीपासून लाल. काकांनी तो खोलून भिंगाखाली दाखवला. चकचकीत हवी ती झडपेची बैठक खरबरीत झालेली, मधोमध तपकिरी ठिपके. पाण्याचा गंज. नुसती झडप असती तर बदलता आली असती, पण बॉडीच्या आतल्या बोअरलाही ओरखडे होते.

आता पर्याय. एक नंबरला नवीन नोझल आणि व्हॉल्व्ह (झडप) सेट टाकून दुरुस्ती, सगळं मिळून ५,८००. तीन नंबरसाठी तीन रस्ते होते: नवीन १३,८००, जुना देऊन दुरुस्त केलेला घ्यायचा तर ६,५००, सहा महिन्यांची हमी, आणि भंगारातल्या गाडीचा २,५००, हमी नाही. तिसरा मी ऐकूनच सोडला. दुसऱ्यात तथ्य आहे. गाडी दोन वर्षांत काढायची असेल तर मीही तोच घेतला असता. पण माझ्या आरसीची मुदत मे २०२९ पर्यंत आहे आणि तोवर ती वापरायची आहे, म्हणून नवीन. चारही बदलू का, असं मीच विचारलं. चोख उत्तर मिळालं: “पैसे तुमचे आहेत, मी लावून देतो. पण दोन आणि चार पास आहेत, तुम्ही स्वतः बघितलंत. मी माझ्या गाडीला नसते बदलले.”

‘बदलले तर चारही, नाहीतर बॅलन्स बिघडतो’ असं तुम्हाला बरेच जण सांगतील. मला ते अर्धंच पटलं. इंजेक्टर थोडेफार वेगळे वागणार हे धरूनच कॉम्प्युटर प्रत्येक सिलिंडरला कमी-जास्त डिझेल देऊन इंजिन समान चालवत असतो. चारही झिजले असतील तर चारही बदला, पण ते रिपोर्टवर दिसलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांत किंमत विचारली. एकाने तोच नंबर आठ हजारांत देतो म्हटलं, ‘कंपनीचाच’. बिल? कच्चं. बिलाशिवाय घेतलेल्या इंजेक्टरची हमी कुणाकडे मागणार? बाजारात नकली नोझल आणि इंजेक्टर खूप आहेत, डबाही हुबेहूब असतो. बॉश कंपनीच्या कॉमन रेल इंजेक्टरचा नंबर ०४४५ ने सुरू होतो. बॉडीवर कोरलेला तो पूर्ण नंबर जुन्याशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला पाहिजे. एक आकडा वेगळा म्हणजे दुसऱ्या गाडीचा इंजेक्टर. नाशिकला सातपूरच्या बॉशच्या कारखान्यात, म्हणजे जुन्या मायकोत, इंजेक्टर आणि नोझल बनतात. त्यामुळे मला वाटलं होतं, पुण्यात दुसऱ्या दिवशी मिळेल. तसं झालं नाही. काकांच्या डीलरकडे माझ्या नंबरचा साठा नव्हता. हे इंजिन बंद झाल्यापासून दुकानदार मागणीप्रमाणेच मागवतात, म्हणाले. सोमवारी २४ नोव्हेंबरला पाच हजार अ‍ॅडव्हान्स भरला, पावती घेतली. भाग आला २ डिसेंबरला. त्या आठवड्यात गाडी भोसरीतच, मी लोकांच्या लिफ्टवर. १२ डिसेंबरला पीयूसी संपत होती, तिची धाकधूक वेगळीच.

बसवायला रविवार, ७ डिसेंबर. सील फोडताना मी समोर होते. बसवण्याआधी काकांनी चारही इंजेक्टरच्या डोक्यांचे फोटो काढायला लावले. तिथे एक अक्षर-आकड्यांचा कोड कोरलेला असतो: हा विशिष्ट इंजेक्टर किती सोडतो त्याची खूण. तो कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये लिहावा लागतो, नाहीतर नवा इंजेक्टर घालूनही गाडी खडखडते. एकदा पाइप आणि वायर बसली की तो वाचता येत नाही, म्हणून आधी फोटो. दुरुस्त केलेल्या एक नंबरचाही बेंचवर नवा कोड निघाला होता. सगळ्याच गाड्यांना हे लागत नाही, पण गाडी द्यायच्या आधीच विचारा: कोड कोण लिहिणार? बरेच जण इंजेक्टर बसवून देतात आणि ‘कोडिंग बाहेरून करा’ म्हणतात.

तांब्याचे वॉशर चारही नवे, जुने पुन्हा वापरायचे नसतात. क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून, आवळले. कमी आवळला तर बाजूने धूर फुसफुसतो आणि काळा कार्बन डांबरासारखा साचतो. जास्त आवळला तर इंजेक्टर पिळतो. रिटर्नच्या नळीच्या क्लिपा बदलल्या, एक जुनी नळी तडकली होती तीही. मग चावी अनेकदा ऑन-ऑफ करून डिझेल भरून घेतलं आणि सेल्फ मारला. पहिल्या वेळेस थोडी अडखळली, हवा होती. दुसऱ्या वेळेस लागली. पोऱ्याने हात न लावता पुठ्ठ्याचा तुकडा जोडांजवळ फिरवून गळती बघितली. कॉम्प्युटर कोणत्या सिलिंडरला किती कमी-जास्त डिझेल देतोय ते आकडे स्कॅनरवर चारही सिलिंडरना शून्याच्या आसपास खालीवर होत होते.

निघताना काकांनी इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी काढून वास घ्यायला लावला. ऑइलला डिझेलचा वास येत होता आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर. गळका इंजेक्टर न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये सोडतो, ऑइल पातळ होतं. म्हणजे ऑइल वाढलेलं दिसलं की खूश होऊ नये. त्याच संध्याकाळी चिंचवडला ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला, २,३०० रुपये.

लॅबचं बिल असं: काढणं-बसवणं रिटर्न टेस्टसकट ३,५००, अडकलेल्या तीन नंबरचे जादा १,०००, बेंच टेस्ट प्रत्येकी ४०० प्रमाणे १,६००, दोघांची साफसफाई ६००, एक नंबरची दुरुस्ती ५,८००, नवीन इंजेक्टर १३,८००, वॉशर, क्लिपा, नळी ६४०, कोडिंग ५००. बेरीज २७,४४०, जीएसटीसह ३२,३७९. बाहेरचे फिल्टर, स्कॅनिंग, सर्व्हिस सेंटरची तपासणी आणि ऑइल धरून ३७,१९१. पैसे थोडे नाहीत. गाडीची आजची किंमत बघता नवऱ्याचं गणित अजून वेगळंच निघतं.

१० डिसेंबरला पीयूसी. बीएस-४ गाडीला ती वर्षभर चालते. डिझेल गाडीची तपासणी पेट्रोलसारखी आयडलवर होत नाही. गाडी न्यूट्रलला ठेवून पेडल पूर्ण दाबून अनेकदा रेस करतात आणि धूर किती दाट ते मोजतात. बीएस-४ ला मर्यादा १.६२. माझा आकडा ०.८४ आला. जायच्या आधी गाडी दहा-बारा किलोमीटर पळवून इंजिन चांगलं तापवा. थंड इंजिन आणि सायलेन्सरच्या नळीत साचलेली काजळी यांनी चांगल्या गाडीचाही आकडा बिघडतो. दीडशे रुपये, आणि प्रमाणपत्र लगेच वाहन पोर्टलवर दिसलं.

इंजेक्टर क्लीनरच्या बाटलीबद्दल मला बऱ्याच जणांनी विचारलं. टाकीत ओतायची, चार-पाचशेला मिळते. नोझलवर नुसता कार्बन असेल तर थोडा उपयोग होतो, दोन आणि चार नंबरसारख्यांना कदाचित. झिजलेली, गंजलेली बैठक कुठलंही औषध भरून काढत नाही. रॉकेल किंवा पेट्रोल मिसळायचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पंप आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच मिळतं, ते पातळ करायचं नाही. मी आता डिझेल फिल्टर दर २० हजार किलोमीटरला बदलणार, पावसाळा संपल्यावर फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून पाणी काढून घेणार, आणि टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देणार नाही. पंपावर टँकर रिकामा होत असेल तर पुढच्या पंपावर जाते, कारण त्या वेळी तळाचं सगळं ढवळलेलं असतं.

दुरुस्त केलेल्या इंजेक्टरची हमी ६ जूनपर्यंत आहे. अट अशी की मधे दुसऱ्या कुणी तो खोलायचा नाही आणि फिल्टरची बिलं दाखवायची. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा रिटर्न टेस्ट करून घ्यायची असं काकांशी ठरवलंय. त्याचे तीनशे घेणार आहेत, गुरुवार सोडून कधीही.